झाड होतं तिथून

मेल्बाबाईंच्या दाराला नंबर नाही.
मानाग्वात फारशा कुणाच्याच नसतो.
पत्ता असा: चिलामातेचं झाड होतं तिथून
दोन गल्ल्या तळ्याकडे, एक गल्ली वर.
वर म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू.
होतं म्हणजे होतं.
बहात्तरच्या डिसेंबरात जमीन हलली, झाड गेलं,
पत्ता राहिला.

मी त्यांच्या रोस्कीयांची वेबसाइट केली.
एकच पान, एकदाच उतरणारं,
पुढचं सगळं ब्राउझरमध्ये, जागच्या जागी.
नाटकात एक फेरी मारली की गाव बदलतं, तसं.
वरच्या पट्टीत नाव बदलतं,
कुणी कुठे गेलेलं नसतं.

आधी पत्त्यात हॅश होता.
हॅशच्या पुढचं सर्व्हरपर्यंत जातच नाही,
घरातली गोष्ट घरात राहते.
मेल्बाबाईंनी चष्मा वर सरकवला:
"ही खिडकीची जाळी मध्येच कशाला?
पिशव्यांवर छापायचंय मला."
मी जाळी काढली.
हजार पिशव्या आल्या, निळ्या शाईत,
नाव, तिरकी रेघ, रोस्कीया.
नितळ. कुणालाही फोनवर सांगता येईल असं.

शनिवारी लेऑनहून कुणी नेरेइदा.
बसमध्ये, मांडीवर पिशवी,
अक्षर न् अक्षर बरोबर टाइप केलेलं,
आणि समोर:
४०४. पान सापडलं नाही.

माझ्याकडे तर चालत होतं!
मी नेहमी पुढच्या दाराने शिरायचे,
एकेक बटण दाबत आत जायचे.
रोजच्या माणसाला अंधारात पायरी दिसते.
मग रिफ्रेश केलं, आणि तोंडावर आपटले.

थेट आलेला माणूस सर्व्हरला विचारतो,
सर्व्हर फाइलींच्या कपाटात
रोस्कीया नावाचा खण शोधतो.
असा खण कधी नव्हताच.
तो रस्ता ठाऊक माझ्या चौदा ओळींना,
आणि त्या ओळी
नेरेइदाच्या फोनवर अजून उतरल्याच नव्हत्या.

फानोर, आईचे मामा, निवृत्त पोस्टमन,
माझ्या खुर्चीमागे कॉफी फुंकत उभे.
"नवा पोरगा कामावर आला की आठवडाभर
थप्पीच्या थप्पी परत. पत्ता लागत नाही म्हणायचा.
मी सांगायचो, जे कळत नाही ते सगळं
झाड होतं तिथे ने.
टायरवाला बसतो तिथे. पुढचं तो सांगेल."

रात्री अकराला सर्व्हरवर एक ओळ लिहिली:
जे पान सापडणार नाही, त्याला मुळाशी पाठव.

आमच्या धंद्यात मूळ म्हणजे
नुसती एक तिरकी रेघ.
तिच्यापाशी सगळे आले की
माझ्या ओळी वरचा पत्ता वाचतात
आणि ज्याला त्याला त्याच्या गल्लीत सोडतात.
सकाळी नेरेइदाची ऑर्डर पडली होती.
तीन डझन, कडक भाजलेल्या.

पण आता सर्व्हर कुणालाच नाही म्हणेना.
कुणी काहीही बडवलं तरी
दोनशे, सगळं ठीक,
आणि खाली पांढरंफटक.
नाही म्हणायचं काम माझ्याकडे आलं.

"काय लिहू?" मी मामांना विचारलं.
त्यांनी कप पालथा केला, गाळ बघत राहिले.
"त्र्याहत्तरात पत्रं येतच होती,
पडलेल्या घरांना, नाताळची शुभेच्छापत्रं, उशिरा.
'सापडलं नाही'चा शिक्का होता माझ्याकडे.
मी हाताने लिहायचो: इथे होतं."

"पण मामा, हे पान कधीच नव्हतं."

"मग तसं लिही की."

तसं लिहिलं.
असं पान इथे कधी नव्हतं.
रोस्कीया आहेत. इकडून या.